स्वस्त घर, महाग सुख

९ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले, तेव्हा त्यांची मागणी एका ओळीत मावण्यासारखी होती : घर द्या, आणि ते मुंबईत द्या. राज्य शासनाने १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने त्यांच्यासाठी जी सुमारे ८१ हजार घरे योजिली, ती वांगणी आणि शेलू येथे आहेत. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर मागे टाकल्यानंतर ही स्थानके लागतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून वांगणी सुमारे ७८ किलोमीटर आणि शेलू त्याच्याही पुढे. ज्या कामगाराने लालबाग-परळच्या चाळीतून भोंगा ऐकून पायी पाळी गाठली, त्याच्या नातवंडांनी रोज चार तास रेल्वेच्या डब्यात काढावेत, असा या योजनेचा सरळ अर्थ आहे.

या निर्णयाचे समर्थन करणारे आता एक नवा युक्तिवाद घेऊन पुढे आले आहेत. जमीन, चटईक्षेत्र, किंमत यांची भाषा बाजूला ठेवून ते सुखाची भाषा बोलतात. मुंबईच्या कोंदट खोलीपेक्षा डोंगराच्या पायथ्याची मोकळी हवा काय वाईट? दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाने परवडेल तेथे जावे, थोडक्यात भागवावे आणि समाधान मानावे, यात कमीपणा तो कसला? सुख चौरस फुटांत मोजता येत नाही, असेही ते ऐकवतात. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि बिल्डरांच्या जाहिराती या बाबतीत एकाच सुरात गातात. विशेष हे की, हा उपदेश मलबार हिलवर राहणाऱ्याला कोणी करीत नाही. समाधान हा गुण फक्त ज्यांच्याजवळ दुसरे काही उरलेले नाही अशांनीच अंगी बाणवावा, अशी ही व्यवस्था आहे.

या युक्तिवादाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. हलाखीतून गेलेली कुटुंबे लहान, लांबच्या, स्वस्त घरात खरोखरच सुखी होतात, आणि असे सुख पाहिलेला कार्यकर्ता ‘कामगारांवर अन्याय झाला’ असे व्यासपीठावरून सांगताना अडखळतो. म्हणून या सुखाचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे : ते कोणी निर्माण केले, त्याची किंमत कोणी दिली, आणि त्याची पावती कोणाच्या नावावर फाडली जात आहे.

हलाखी कशी आली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतील संप सुरू झाला. साठांहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो झिजत गेला, आणि त्याच्याबरोबर कुटुंबेही झिजत गेली. प्रथम दागिने गेले, मग गावाकडची जमीन गहाण पडली आणि अखेरीस पागडीची खोली गेली. चाळीतील दहा बाय बाराची खोली विकून आलेल्या पैशांत नालासोपारा, विरार, डोंबिवली, कल्याण येथे एखादा गाळा मिळत असे. ज्यांना तेही जमले नाही त्यांनी कोकणची किंवा घाटावरची वाट धरली. गिरणगावातून जे पहिले स्थलांतर झाले ते असे झाले. त्याला कोणी ‘परवडणाऱ्या घरांची योजना’ हे नाव दिले नव्हते. ती उपासमारीतून झालेली विक्री होती.

एक गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरता कामा नये. गिरणगावातील घर परवडत होते ते दोन कारणांनी. पहिले कारण कायद्याचे होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १९४० च्या पातळीवर बांधून टाकले होते आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येत नव्हते. दुसरे कारण अंतराचे होते. काम, बाजार, शाळा, रुग्णालय, खानावळ, व्यायामशाळा, भजनी मंडळ हे सारे पायी जाण्याच्या टप्प्यात होते. म्हणजे भाडे कमी आणि वाहतूक खर्च जवळपास शून्य. आज ज्याला ‘परवडणारे घर’ म्हणतात त्यात पहिली गोष्ट अर्धीमुर्धी असते आणि दुसरी मुळीच नसते.

येथे चाळीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चाळीतील जीवनावर साहित्यिकांनी हळवे पुष्कळ लिहिले, पण सामाईक संडासापुढे पहाटे रांगेत उभे राहणाऱ्या स्त्रीला विचारले असते तर तिने त्यात बरीच दुरुस्ती केली असती. एका खोलीत आठ-दहा गडी पाळीपाळीने झोपत आणि बायकांना कपडे बदलायलाही आडोसा नसे. अशा खोलीतून निघून जी बाई वसईपलीकडच्या गाळ्यात गेली, तिला स्वतःचा संडास, स्वतःची मोरी आणि आतून कडी घालता येईल असे दार मिळाले. तिला झालेला आनंद खरा होता आणि आहे. त्या आनंदाला ‘भ्रामक जाणीव’ म्हणून हिणवणारा समाजवादी स्त्रियांचे जीवन न पाहता पुस्तके वाचून बोलतो.

सुखाची फूटपट्टी

मग आक्षेप कशावर आहे? आक्षेप त्या सुखाचा उपयोग पुरावा म्हणून करण्यावर आहे.

माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो. जे मिळणे शक्य नाही त्याची इच्छा करणेही तो हळूहळू सोडून देतो, कारण रोज झुरत राहून जगता येत नाही. अमर्त्य सेन यांनी कल्याणकारी अर्थशास्त्रावर घेतलेला मोठा आक्षेप हाच होता. पिढ्यानपिढ्या वंचित राहिलेला मजूर किंवा दबलेली गृहिणी थोड्यात समाधान मानायला शिकते. म्हणून तिच्या समाधानावरून तिच्या स्थितीचे माप काढले, तर तिच्यावर झालेला अन्याय हिशेबातून गळून पडतो. माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि काय होता येते हे पाहावे, असे सेन यांचे म्हणणे आहे. वांगणीच्या घरातील मुलीला रात्री नऊला सुटणारा अभ्यासक्रम पुरा करता येतो काय? छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला वेळेत केईएमसारखे रुग्णालय गाठता येते काय? घरकाम करणाऱ्या बाईला पूर्वीची चार घरे टिकवता येतात काय? या प्रश्नांची उत्तरे ‘ती सुखी आहे’ या वाक्यात मिळत नाहीत.

खानावळीचेच उदाहरण घ्यावे. गिरणगावातील हजारो स्त्रियांनी एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालून संसार चालवले. सावकाराच्या तावडीतून त्यांना सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायांच्या हातचे कौशल्य वांगणीला गेले तरी त्यांच्याबरोबरच राहील. पण जेवणाऱ्या माणसांची दाटी त्यांच्याबरोबर जाणार नाही. खोली हे त्यांचे निवासस्थान होते आणि कारखानाही होता. घर हलवताना कारखाना बुडाला, ही नोंद कोणत्याही सोडतीच्या कागदावर होत नाही.

परवडणे म्हणजे काय

आता थोडी आकडेमोड. योजनेप्रमाणे घराची किंमत १५ लाख रुपये. त्यातील साडेपाच लाख शासन देणार आणि साडेनऊ लाख कामगाराने भरायचे. १९८२ मध्ये तीस वर्षांचा असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याला कोणती बँक कर्ज देणार? कर्ज फेडायचे ते मुलाने किंवा नातवाने. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांचे कर्ज धरले, तर महिन्याचा हप्ता सुमारे साडेआठ हजार पडतो आणि फेड पुरी होईपर्यंत साडेवीस लाखांच्या आसपास रक्कम जाते. हे झाले घराचे.

अंतराचा हिशेब वेगळा. वांगणीहून मुंबईत कामाला येणाऱ्या माणसाचे, घरापासून कामाच्या जागेपर्यंत आणि परत, दिवसाला चार तास जातात असे धरावे. महिन्याचे पंचवीस दिवस म्हणजे शंभर तास. आठ तासांच्या पाळीने मोजले तर साडेबारा पाळ्या. म्हणजे हा माणूस महिन्याला पंचवीस पाळ्या मालकाकडे भरतो आणि साडेबारा पाळ्या रेल्वेत, बिनपगारी. दिवसाची मजुरी पाचशे रुपये धरली तरी या वेळेचे मोल सव्वासहा हजार होते. हप्ता साडेआठ हजारांचा आणि प्रवासाची वेठ सव्वासहा हजारांची. अशा कुटुंबात कामाला जाणारी माणसे दोन असतील तर वेठीची रक्कम हप्त्याच्याही पुढे जाते. घराची किंमत ठरवताना हा दुसरा आकडा मांडलाच जात नाही, आणि मग त्या घराला बिनदिक्कत ‘परवडणारे’ म्हटले जाते. मुंबईची जमीन महाग आहे याचा अर्थ इतकाच की, तिची किंमत पैशांत भरावी लागते. वांगणीच्या जमिनीची किंमत कामगार आपल्या आयुष्याच्या तासांत भरतो.

कधी कधी ती किंमत आयुष्यानेही भरावी लागते. मुंबई उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे रुळांवर पडली आणि काही दगावली. त्यांतील कोणी हौसेने दाराला लोंबकळत नव्हते. जेथे घर परवडते तेथून जेथे पोट भरते तेथे ती जात होती. आणि ज्या वांगणीच्या मोकळ्या हवेचे एवढे कौतुक चालले आहे, त्याच वांगणी-बदलापूर पट्ट्यात २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. हजारावर प्रवाशांना गाडीतून सोडवण्यासाठी आपत्ती निवारण दलाच्या बोटी आणाव्या लागल्या. निसर्गाच्या सान्निध्याची ही दुसरी बाजू जाहिरातीत छापली जात नाही.

‘मुंबईत जमीनच नाही’

यावर ठरलेले उत्तर येते : हे सारे खरे असले तरी मुंबईत जमीन आहे कोठे? प्रश्न साळसूद आहे आणि त्याचे उत्तर सरकारी दप्तरातच आहे.

मुंबईत गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी सांगितली : एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. समाजवादाशी या वाटणीचा फारसा संबंध नव्हता. तरी तिच्यात थोडी लाज होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न होता, फक्त जी जमीन आधीच मोकळी आहे तेवढ्याचीच व्हावी, असे ठरले. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन किती असणार? ज्यावर बांधकाम उभे होते तो मोठा हिस्सा वाटणीतून निसटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल नाकारला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सार्वजनिक मालकीच्या संस्थेने, मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे साडेसतरा एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली. जमीन नव्हती असे नाही. जमीन होती, तिची वाटणी ठरली होती, आणि ती वाटणी एका शब्दाच्या फेरफाराने फिरवली गेली. ज्यांनी ती फिरवली, त्यांच्याच गोटातून आज जमिनीच्या टंचाईबद्दल खेद व्यक्त होतो.

परिणाम आकड्यांत पाहावा. घरासाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. २०१६ मध्ये मुंबईतील २,६३४ आणि पनवेलजवळच्या कोन येथील २,४१७. २०२० मध्ये ३,८९४. एकूण १५,८७०. अकरा अर्जदारांमागे जेमतेम एक घर. उरलेल्या दहांना वांगणी दाखवली गेली आणि त्या निर्णयात असेही कलम घालण्यात आले की, तेथील घर नाकारणाऱ्याचा हक्क संपेल. आंदोलनानंतर ते कलम मागे घेण्याचे आश्वासन शासनाला द्यावे लागले. पण सुखाचा उपदेश आणि धमकीचे कलम एकाच कागदावर असावेत, यात या धोरणाचे अंतरंग दिसून आले.

कोनच्या घरांची कथा याहून बोलकी आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ पासून राबवलेल्या भाडेतत्त्वावरील गृहनिर्माण योजनेतून ती घरे उभी राहिली होती. गरिबाला विकत घेण्याची सक्ती न करता सार्वजनिक मालकीचे घर माफक भाड्याने द्यावे, ही मूळ कल्पना योग्य होती. शासनाने ती स्वतःच्या हाताने मोडली, १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून घरे विकायला काढली आणि सोडत काढूनही किल्ल्या देण्यास वर्षानुवर्षे लावली. मधल्या काळात ही घरे कोविडच्या विलगीकरणासाठी वापरली गेली. भाड्याच्या सार्वजनिक घराचा एक प्रयोग असा सुरू होण्यापूर्वीच संपला, आणि त्याबद्दल कोणाला फारसे दुःखही झाले नाही.

पैसा नाही, की इच्छा नाही

साडेपाच लाखांचे अनुदान ८१ हजार घरांना देण्याचे ठरले तर एकूण रक्कम ४,४५५ कोटी रुपये होते. हा सार्वजनिक पैसा कामगाराच्या नावाने निघेल आणि खाजगी बिल्डरांनी शहराबाहेर उभारलेल्या इमारतींच्या किमतीत जिरेल. अनुदान कामगाराला आणि बाजार बिल्डरला, अशी ही तजवीज आहे. एवढी रक्कम खर्च करण्याची ज्याची तयारी आहे, त्या शासनाला पैसा नसल्याची सबब सांगता येत नाही.

फ्रीडरिश एंगल्स यांनी १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिलेल्या लेखमालेत दाखवून दिले होते की, भांडवलदार वर्ग हा प्रश्न सोडवत नाही, त्याची फक्त जागा बदलतो. शहराच्या मध्यभागी किंमत वाढली की गरिबाची वस्ती उठते आणि पुढे कोठेतरी पुन्हा वसते. मुंबईचा इतिहास या विधानाचे भाष्यच आहे. परळहून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर, बदलापूरहून वांगणी. ‘डोंबिवलीला गेलेले आज सुखात आहेत, तसे वांगणीचेही होतील’ असे सांगणारे एक गोष्ट लपवतात. डोंबिवली राहण्याजोगी केली ती तेथे गेलेल्यांनी. त्यांनी नळासाठी मोर्चे काढले, शाळा काढल्या, ग्रंथालये चालवली, गाड्यांच्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून रेल्वे अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले. या श्रमाने त्या जागेची किंमत वाढली, आणि वाढलेल्या किमतीचा मलिदा ज्याने बोटही उचलले नव्हते त्या जमीनमालकाने खाल्ला. आता डोंबिवलीच त्यांच्या मुलांना परवडत नाही. रिकार्डोपासून अर्थशास्त्र ज्याला जमिनीचा खंड म्हणते, तो हाच.

वेगळे घडू शकते, याची उदाहरणे नाहीत असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने मोडलेल्या व्हिएन्ना शहरात समाजवादी नगरपालिकेने चैनीवर आणि मोठ्या घरांवर चढता कर बसवून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि ती नाममात्र भाड्याने दिली. धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालये त्याच आवारात होती. शहर दिवाळखोर होते. तरी घरे शहरातच झाली. पुढे फॅसिस्टांनी त्या वस्त्यांवर तोफा डागल्या, पण घरे राहिली. घर विकायचे नसते, ते पिढ्यानपिढ्या वापरायचे असते, हे तत्त्व तेथील नगरपालिकेने आजवर टिकवले आहे.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांच्या नेतृत्वाखालील नागरी निवारा परिषदेने गोरेगावजवळ दिंडोशी येथे सुमारे सहा हजार कुटुंबांची वसाहत उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, म्हणजे ज्या शिडीने ही कुटुंबे वर चढली ती शिडीच काढून घेतली. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगारांनी व इतर असंघटित श्रमिकांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सहकारी तत्त्वावर तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प मिळवला; त्यातील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. तेही घर शहराबाहेर आहे. पण विडी घरी बसून वळता येते, म्हणजे काम घराबरोबर गेले. वांगणीला जाणाऱ्याचे काम मात्र मुंबईतच राहते. आणि वरळीच्या बीडीडी चाळींत, १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांपैकी ५५६ जणांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. त्या पुनर्विकासाबद्दलही विचारण्याजोगे प्रश्न आहेत; देखभालीचा खर्च या कुटुंबांना किती वर्षे झेपेल, हा त्यांतला पहिला. तरी श्रमिकाला मुंबईच्या मध्यात घर देता येते, एवढे तर त्यातून सिद्ध झालेच.

चळवळीचे कर्तव्य

येथवर जे सांगितले ते विरोधकांना उद्देशून. काही शब्द स्वकीयांनाही ऐकवणे भाग आहे.

पहिली गोष्ट, जो कामगार किंवा वारस हलाखीला कंटाळून वांगणीचे घर पत्करील, त्याला फुटीर म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्याने चाळीस वर्षे वाट पाहिली त्याला आणखी वाट पाहण्याचा आदेश देणे सोपे असते, विशेषतः आदेश देणाऱ्याचे स्वतःचे घर दादरला किंवा पार्ल्याला असेल तेव्हा. गेलेल्या कुटुंबाबरोबर चळवळीनेही तेथे गेले पाहिजे. ताबा देण्यापूर्वी पाणी, शाळा, प्रसूतिगृह आणि गाड्यांच्या वाढीव फेऱ्या मिळाल्याच पाहिजेत, यासाठी तेथेच शाखा उघडली पाहिजे. मुंबईतील घरांचा लढा आणि वांगणीतील सोयींचा लढा हे परस्परविरोधी आहेत असे मानण्यात शासनाचाच फायदा आहे.

दुसरी गोष्ट, मालकी हक्काच्या घराशिवाय दुसरी मागणीच नसल्यासारखी चळवळ वागत आली. त्यातून सोडत आली, आणि सोडतीने पावणेदोन लाखांची एक फळी मोडून भाग्यवान आणि अभागी असे दोन वर्ग केले. हक्क नशिबावर सोपवला की संघटना लॉटरीच्या दुकानासमोरच्या गर्दीसारखी होते. न विकता येणारे, सार्वजनिक मालकीचे, उत्पन्नाच्या ठराविक हिश्शाइतक्या भाड्याचे घर ही मागणी आता जाहीरनाम्याच्या शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आली पाहिजे. त्यासाठी गिरण्यांची उरलेली, तसेच रेल्वे, बंदर आणि शासकीय महामंडळांच्या ताब्यातील जमीन विक्रीतून कायमची वगळावी, असा आग्रह हवा.

तिसरी गोष्ट, ‘परवडणारे’ या शब्दाची व्याख्या बिल्डरांच्या हाती राहू देता कामा नये. हप्ता, देखभाल, प्रवासाचे भाडे आणि प्रवासाचे तास यांची बेरीज करूनच घर परवडते की नाही हे ठरवावे, अशी व्याख्या चळवळीने सभासभांतून सांगितली पाहिजे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील पाच-पन्नास कुटुंबांचा असा ताळेबंद मांडला, तर शासनाच्या जाहिरातींना तेवढे उत्तर पुरेसे होईल.

संकटातून निघालेले कुटुंब नव्या भिंतींवर देवाची तसबीर लावते, खिडकीत तुळस ठेवते, शेजारणीला साखर देते आणि दोन वर्षांत त्या परक्या जागेला घरपण आणते. हे सामर्थ्य श्रमिकाचे आहे. त्याला ते कोणी अनुदानात दिलेले नाही, आणि म्हणून ते कोणाच्या कर्जफेडीत वळतेही करता येणार नाही. शहाणपणाचे शब्द सांगून या सुखावर जे आज आपली सही उमटवू पाहतात, त्यांना सहाशे एकरांचा जाब द्यावाच लागेल. तो मागण्याचे काम कामगार सुखात आहेत की दुःखात यावर अवलंबून नाही.